टायरॉड आणि टिकली

आमच्या दूध संस्थेची पांढरी व्हॅन सरळ जायची तेव्हा तिचं स्टेअरिंग वाकडं असायचं. एका खिळ्यावर टांगलेलं कॅलेंडर एका अंगाला उतरतं, तसं ते उजवीकडे कललेलं धरायचं. मग व्हॅन मुकाट्यानं नाकासमोर चालायची. नव्या माणसानं सवयीनं ते सरळ धरलं, की ती डाव्या अंगाच्या येड्या बाभळींकडे निघायची.

हे वाकडेपण आत्यामुळे आलं होतं, आणि त्याचं कारण होतं टरबूज.

तो उन्हाळा दुष्काळाचा होता. मी बारावीची परीक्षा देऊन शहरातल्या हॉस्टेलवरून घरी आले होते आणि माझ्याकडे दोन कामं होती. जनावरांच्या औषधांवरचं इंग्रजी वाचून सांगायचं, आणि आत्या कुठं निघाली की सोबत जायचं. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. सासर सोडून आल्यापासून ती संस्थेत दूध घ्यायची, फॅट लावायची आणि पाणी घालणाऱ्यांची सगळ्यांसमोर हजेरी घ्यायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, संस्थेचे चेअरमन होते, पण गवळी लोक आत्याला जास्त भ्यायचे.

व्हॅनचा ड्रायव्हर कानाला फोन लावून गाडी हाकायचा. टँकर ओतायच्या विहिरीपाशी एकदा टँकरच्या पुढं घुसताना त्यानं डावं पुढचं चाक काठाच्या दगडावर घातलं. नंतर व्हॅन खेकड्यासारखी चालायला लागली. दुसऱ्याच आठवड्यात तो स्वतः टँकरवर ड्रायव्हर म्हणून गेला. त्या वर्षी ज्याला ज्याला स्टेअरिंग धरता येत होतं तो टँकरवरच गेला होता. मग लायसन असून कधी कुणी चालवू न दिलेल्या आत्यानं, गाडी दुरुस्तीला न्यायच्या निमित्तानं, किल्ली हातात घेतली. आम्ही मांजरसुंब्याला चाचांच्या गॅरेजवर गेलो. गाडी धक्के मारत होती आणि आत्या गाडीला शिव्या देत होती.

चाचांना बोलायला लागायचं. मी उलट्या टायरवर पुस्तक उघडून बसले, म्हणजे माझ्याशी कुणी बोलणार नाही. पुस्तकाच्या वरच्या काठावरून सगळं नीट दिसतं, हे मला हॉस्टेलनं शिकवलं होतं.

"आवं ताई, ह्यो टायरॉड बघा," चाचा गाडीखालून म्हणाले. "काकडी झालीय त्याची."

चाचा ओरडून सांगत होते आणि मी खाली वाकून बघत होते, म्हणून मला ते कळलं. स्टेअरिंगचा दांडा खाली एका आडव्या दातेरी पट्टीला जाऊन मिळतो. स्टेअरिंग फिरवलं की ती पट्टी डावी-उजवीकडे सरकते. पट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक लोखंडी दांडी असते आणि ती जाऊन चाकाला धरते. तोच टायरॉड. एक डाव्या चाकाला, एक उजव्या. एकीनं चाक ओढलं की दुसरी ढकलते, म्हणून दोन्ही चाकं एकाच बाजूला वळतात. खड्ड्यात चाक वर-खाली झालं तरी दांडी मोडू नये म्हणून तिच्या टोकाला गोटीचा सांधा असतो, आपल्या खांद्यासारखा. आणि दांडीला आटे असतात. तिला जागेवर आवळून धरणारा चेक नट ढिला करून दांडी पिळली की ती लांब किंवा आखूड होते आणि तेवढंच चाक आत किंवा बाहेर बघायला लागतं.

चाचांनी डावा टायरॉड नवा घातला. मग मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणली आणि एक डोळा मिटून खाली बसले.

"शहरात मशीनवर करत्यात. आपलं दोरीवर. माझी दोरी कवाच खोटं बोलली न्हाई."

"चाकं एकदम सरळ ठिवायची का?" आत्यानं विचारलं.

"न्हाई. जुवाखाली बैल कसे असत्यात? तोंडं जरा एकमेकाकडं. पळताना चाकं जोरानं बाहेर उघडत्यात, मग आधीच जराशी आत ठिवायची. लई आत ठिवली तर टायर बाहेरून घासतंय, लई बाहेर ठिवली तर आतून. टायर बघून मी सांगतो बघा गाडीला काय झालंय. डॉक्टर जीभ बघतो तसं." मग त्यांनी आत्याला स्टेअरिंगवर बसवलं. "ताई, जरा सरळ धरून बसा. हलू नका."

आत्या सरळ धरून बसली. तेवढ्यात शेजारचा टरबूजवाला त्याच्या भावाला काहीतरी चुकीचं सांगताना तिच्या कानावर आलं. टरबूज वाजवून पिकलं की नाही ते कसं ओळखायचं, याबद्दल. आत्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, एक हात लांबवून टरबूज मागितलं, टिचकी मारून दाखवली, आणि दुसरा हात स्टेअरिंगवर होता तो आपोआप उजवीकडे उतरला. खाली चाचांची दोरी चाकांकडे बघत होती. स्टेअरिंगकडे कुणीच बघत नव्हतं. चाचांनी चाकं सरळ केली, चेक नट आवळले, आणि स्टेअरिंग कललेलंच राहून गेलं.

परत येताना मी म्हणाले, "आत्या, स्टेअरिंग वाकडं आहे."

"गाडी सरळ जातीय न्हवं?"

"जातेय."

"मग झालं तर."

तरी तिनं कपाळावरची टिकली काढली आणि स्टेअरिंगच्या कड्यावर, गाडी सरळ जाताना जी जागा सगळ्यात वर येत होती तिथं चिकटवली. मरून रंगाची, सोनेरी कडेची. टिकली वर, म्हणजे गाडी सरळ. तिचा हिशोब एवढाच होता. चौसाळ्याच्या बाजारातून ती त्याच टिकल्यांची पाकिटं आणायची. माझी आई त्यातलं एक पाकीट दर सुट्टीत माझ्या आरशापाशी ठेवायची आणि मी ते दर सुट्टीत न फोडता परत द्यायचे. मी टिकली लावत नव्हते. त्यावर आईचं मोठं म्हणणं होतं, माझं काहीच म्हणणं नव्हतं, आणि हेच तिला जास्त लागायचं.

एकदा चाचा संस्थेत ताक प्यायला आले तेव्हा त्यांनी स्टेअरिंग पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "या अल्ला! ताई, आणा गाडी. एका बाजूचा टायरॉड पिळून लांब, दुसरा तेवढाच आखूड. चाकं जिथल्या तिथं, स्टेअरिंग सरळ. चहा थंड व्हायच्या आत करतो."

"राहू द्या," आत्या म्हणाली.

"कावून?"

आत्यानं त्यांच्या पेल्यात आणखी ताक ओतलं. "राहू द्या म्हणलं न्हवं."

कारण तोवर मामा आले होते.

मामा म्हणजे आईचे भाऊ. तलावाच्या काठावर चारा छावणी सुरू झाली होती. आसपासच्या गावांची जनावरं तिथं बांधलेली होती, त्यामुळे दूधही आता गावात नाही तर छावणीत निघत होतं. ते दोन्ही वेळा व्हॅननं आणायचं होतं. ज्याच्याकडे व्हॅन, त्याच्याकडे छावणीचं दूध, माप, फॅट, सगळं. संस्थेच्या पंचांना वाटलं, हे काम बाईमाणसाचं नाही. आईला वाटलं, तिच्या भावाला काहीतरी लागलंच पाहिजे. आणि व्हॅन मामांकडे गेली तर आत्यानं परत चुलीपुढं बसायचं, हे कुणी बोललं नाही, पण आत्याला ऐकू गेलं. ती रात्री भाकरी थापताना परातीला भाकरीपेक्षा जास्त मारत होती.

अण्णा कात्रीत सापडले. एकीकडे बहीण, दुसरीकडे मेहुणा, आणि स्वयंपाकघरात मेहुण्याची बाजू घेणारी बायको. तेव्हा त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं.

अण्णांना पेरणीची तिफन धरता येत होती. आमच्याकडे पेरलेल्या ओळीला तास म्हणतात. तास सरळ आलं का वाकडं, हे उगवून आल्यावर रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस बघतो आणि वर्षभर बोलतो. अण्णांच्या तासाला दोरी लावून बघावी. पेरणीच्या पहिल्या दिवशी लोक त्यांना मुद्दाम बोलवायचे. त्या वर्षी पेरणी झालीच नव्हती, आणि मला वाटतं त्यांचे डोळे कुठल्यातरी सरळ ओळीला आसुसले होते. पंचांसमोर ते म्हणाले, "तलावाच्या तळात दोघांनी गाडी हाणायची. बांधापासून त्या टोकाच्या आडापर्यंत. चाकोरी मी बघीन. ज्याचं तास सरळ, त्याची व्हॅन."

पंच खूश झाले. गाडी कळणारे त्यांच्यात कमी होते, तास सगळ्यांना कळत होतं.

पाझर तलाव आटून त्याचं पोट उघडं पडलं होतं. गाळ लोकांनी शेतात वाहून नेला होता आणि खाली सपाट, भुरभुरीत माती उरली होती. त्यावरून चिमणी चालली तरी उमटायची. आत्या आणि मी दुपारी, सगळे झोपलेले असताना, तिथं सराव करायला जायचो. तिच्या चाकोऱ्या दिवसागणिक सुधारत होत्या. मग एक दिवस मला आमच्या चाकोऱ्यांवर दुसऱ्या चाकोऱ्या दिसल्या. टायर आमच्याच गाडीचा. सुरुवातीच्या सापासारख्या, बाभळींकडे जाऊन परत आलेल्या. मग कमी वाकड्या. मग जवळजवळ सरळ.

"पाव्हण्याला बी यायला लागलंय की," आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज जरा बसला. वाकडं स्टेअरिंग हा तिचा हुकमाचा पत्ता होता, आणि मामांनी तो बघितला होता.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मामा म्हणाले, गाडीचं ऑईल बदलून आणतो. संस्थेची गाडी, सगळ्यांची गाडी, कोण नाही म्हणणार. सकाळी चाचांनी स्वतः व्हॅन तळात आणून उभी केली आणि ते बांधावर बाभळीखाली जाऊन बसले. आमच्याकडे न बघता. ज्या माणसाला बोलायला लागतं तो गप्प बसून आभाळ बघायला लागला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आभाळात त्या वर्षी बघण्यासारखं काही नव्हतं.

बांधाच्या उजव्या अंगाला पंचांसाठी दोन बाजा आणि चहाची किटली. छावणीतली माणसंही जमली होती. मी एका बाजूला, ओढणी नीट करत, कुणाच्या नजरेत न येता उभी. मामा इस्त्रीच्या शर्टात होते.

"ताई आधी," मामा हात जोडून म्हणाले. "लेडीज फष्ट. काय गं, बरोबर हाय न्हवं इंग्रजी?"

सगळे माझ्याकडे बघून हसले. मी मान खाली घातली, आणि खाली बघितल्यामुळेच मला व्हॅनची चाकं दिसली. एकदम सरळ उभी होती, आडाकडे तोंड करून. मग मी काचेतून स्टेअरिंग बघितलं. तेही सरळ होतं. एका अंगाला उतरलेलं कॅलेंडर कुणीतरी नीट करावं तसं. आणि टिकली वर नव्हती, डावीकडे उतरली होती.

मी चाचांकडे बघितलं. चाचा आभाळ बघत होते. मामांकडे बघितलं. ते आत्याकडे बघत होते, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं.

आत्या पदर खोचून निघाली होती. ती बसणार, सवयीनं टिकली वर आणणार, आणि व्हॅन उजवीकडे, सरळ पंचांच्या चहात जाणार. मला ओरडायला हवं होतं. पण तेवढ्या पुरुषांसमोर माझा आवाज निघत नाही. निघाला असता तरी काय म्हणणार? मामांनी टायरॉड पिळून घेतले? मग आम्ही ते का पिळून घेतले नव्हते, हेही सांगावं लागलं असतं.

मी आत्याच्या पुढं जाऊन व्हॅनचं दार उघडलं, आत वाकले, जणू माझं काहीतरी राहिलंय. टिकली नखानं उचलली. ती अजून चिकटत होती. वळून आत्यासमोर उभी राहिले आणि ती माझ्या कपाळावर लावली. बरोबर मधोमध.

आत्या थांबली. आमच्या घरात त्या टिकलीच्या पाकिटांचा इतिहास तिला माहीत होता. तिनं माझ्या कपाळाकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावरून व्हॅनच्या काचेकडे. मग जवळ येऊन अंगठ्यानं ती टिकली दाबल्यासारखं केलं.

"आता मधे," मी ओठ न हलवता म्हणाले.

आत्याचे डोळे बारीक झाले. तिनं पदर सोडला आणि मागं वळली.

"न्हाई न्हाई, पाव्हणं, तुमी आधी. पाव्हण्याला मागं ठिवून म्या पुढं जाऊ? लोक काय म्हणतील?"

"आवं ताई, म्या कुठं पाव्हणा…"

"पाव्हण्याचा मान हाय," अण्णा म्हणाले. पंचही म्हणाले. मानावर कुणाला बोलता येत नाही. मामा हसत हसत गाडीत बसले. त्यांना तरी कसली भीती होती? गाडी सरळ केली होती ती त्यांनीच.

फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली नव्हती. डोक्याला जे कळतं ते हातांना कळवावं लागतं. इतके दिवस चोरून ते वाकड्या स्टेअरिंगवरच शिकले होते, आणि ते सरळ झाल्यापासून एकदाही चालवलं नव्हतं. गिअर पडला, धूळ उडाली, आणि त्यांचे हात त्यांना न विचारता उजवीकडे उतरले.

व्हॅन बाजांकडे निघाली.

"आरं! आरं! पाव्हणं!"

पंच उठले. इतके चपळ ते निवडणुकीतही दिसले नव्हते. किटली कलंडली. मामांनी घाईनं डावीकडे मारलं ते जास्त मारलं, मग परत उजवीकडे, आणि असं करत करत ते आडापर्यंत गेले. मागं मातीवर त्यांनी जे काढलं ते बघून छावणीतला एक म्हातारा म्हणाला, "बैल उधळलं वाटतं."

मामा उतरले. "गाडीत दोष हाय," ते म्हणाले.

"कसला दोष?" अण्णांनी विचारलं.

मामांनी इस्त्रीच्या शर्टावरची धूळ झटकली.

"चाचा!" अण्णांनी बांधाकडे हाक दिली. "गाडीत काय दोष हाय का?"

"कसला दोष अण्णा?" चाचा तिथूनच म्हणाले. "काल रातीच दोरी लावून बघितलीय म्या. लई सरळ हाय. पाव्हण्यांस्नी इचारा की, तेच गाडी घिऊन आल्ते."

अण्णांनी मेहुण्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

मग आत्या बसली. गाडी फिरवून बांधापाशी आणली. मी बाजूला उभी होते. तिनं काचेतून एकदा माझ्या कपाळाकडे बघितलं, हात स्टेअरिंगच्या मधल्या दांड्याच्या दोन बाजूंना ठेवले आणि मग नजर उचलून आडावर लावली. अण्णाही तिफन धरताना असंच करतात. पायाकडे बघत नाहीत, लांबचं झाड धरतात. सुरुवातीला तिचा उजवा हात एकदा उतरला. दिसलं मला. मातीवर वीतभर पोट आलं. मग तिनं दात खाल्ले, हात जागेवर आणला, आणि व्हॅन निघाली ती आडाच्या कठड्यापाशीच थांबली.

अण्णा चाकोरीच्या टोकाला खाली बसले. एक डोळा मिटला. बराच वेळ बसले, इतका की पंच अस्वस्थ झाले. नंतर मला वाटलं, ते निकाल बघत नव्हते. त्या वर्षी त्यांना दिसलेलं ते एकच तास होतं.

"सुरुवातीला पोट हाय," ते उठत म्हणाले. "पण पुढं…" त्यांनी हातानं हवेत एक सरळ रेघ काढली आणि किल्ली आत्यालाच ठेवायला सांगितली.

घरी आईनं भावाच्या हरण्याचं ऐकलं आणि ओठ आवळले. मग तिची नजर माझ्या कपाळावर गेली. तिथं ती टिकली तशीच होती, मी विसरले होते. आईचा चेहरा असा काही उजळला की भावाचं दुःख तिला संध्याकाळपर्यंत आठवलं नाही. तिला वाटलं, पोरगी शेवटी वळणावर आली. तो समज मी दुरुस्त केला नाही. रात्री माझ्या आरशापाशी नवं पाकीट होतं, आणि पहिल्यांदाच मी ते परत दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्या छावणीला निघाली. कॅन चढवायला माणूस हवा होता, म्हणून अण्णांनी मामांना तिच्यासोबत दिलं. आत्याच्याच हाताखाली. मी पाकिटातली एक टिकली तिला दिली. तिनं ती स्टेअरिंगच्या कड्यावर वर मधोमध चिकटवली आणि मागं सरून बघितलं.

मामांनी शेवटचा कॅन आदळला आणि टिकलीकडे बघत राहिले.

"टिकली कावून लावता ओ ताई?"

"गाडीला शोभती," आत्या म्हणाली. "बसा. दार नीट लावा."

मामांनी दार लावलं. व्हॅन छावणीच्या रस्त्याला लागली. मी ओसरीवरून बघत होते. समोर सरळ रस्ता येताच, डाव्या सीटवर नुसत्या बसलेल्या मामांचे दोन्ही हात हवेतच उजवीकडे उतरले.